उंबराच्या पाण्याचा पुरावा

इतिहास मी निवडला नव्हता. बी.ए.ला मी अर्थशास्त्र मुख्य विषय म्हणून घेतलं. जोडीला एक दुय्यम विषय घ्यावाच लागायचा. खिडकीतल्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, "इतिहास की राज्यशास्त्र?" राज्यशास्त्राचे तास भल्या सकाळी होते आणि सकाळी आम्हाला पत्रकं वाटायची असत. म्हणून इतिहास. इतकं सरळ होतं ते.

आम्हा चळवळीतल्या पोरांचं तेव्हा पक्कं मत होतं की खरं काय ते अर्थशास्त्रात आहे. भूक, मजुरी, भाडं, धान्याचा भाव, हे खरं. राजे आणि तह हा पेन्शनीत निघालेल्या माणसांचा विरंगुळा. युरोपात लढाई सुरू झाली होती, इथे रॉकेल मिळेनासं झालं होतं, आणि आम्हाला वर्गात बसवून कुठल्या दरबारात कोण कुठे बसायचं ते शिकवत होते. मी मागच्या बाकावर बसून पत्रकांचे मसुदे लिहायचो. आमच्या पत्रकांची एक ठरलेली रीत होती. पहिल्या ओळीत प्रश्न, दुसरीत संताप, तिसरीत मागणी. अजूनही मला दुसऱ्या तऱ्हेने लिहिता येत नाही, आणि त्याबद्दल मी माफी मागणार नाही.

एक दिवस मात्र मी मसुदा बाजूला ठेवला. पाठ्यपुस्तकात आमचा किनारा आला होता. मी उत्तनचा. भाईंदर स्टेशनात उतरून राई-मुर्ध्यावरून बैलगाडीने किंवा पायी समुद्राकडे जायचं, डोंगरी ओलांडायची, मग आमचं गाव. घरं कॅथलिक, धंदा मासेमारी, थोडी भातशेती, भाषा मराठी. पुस्तकात लिहिलं होतं की पोर्तुगीजांकडून साष्टी घेताना मराठ्यांनी आधी आमच्याकडची टेकडीवरची चौकी जिंकली आणि त्यामुळे वसईचा रस्ता मोकळा झाला. पुढच्या वाक्यात वसई. आमचं गाव अर्ध्या वाक्यात आलं आणि गेलं. त्या टेकडीखाली माणसं राहत होती, त्यांनी त्या दिवशी काय केलं, कुठे पळाली, काय खाल्लं, याबद्दल अक्षर नाही. मी वर्गात हात वर करून विचारलं, "सर, तिथल्या लोकांचं काय झालं?"

आमचे प्राध्यापक बारीक अंगाचे, कोरड्या आवाजाचे गृहस्थ होते. खडू पुसल्याशिवाय बोलत नसत. त्यांनी हात पुसले आणि म्हणाले, "लोकांनी काही लिहून ठेवलेलं नाही."

"म्हणजे ते नव्हते?"

"असतील. पण इतिहासाला आधार लागतो. तुम्ही दुय्यमवाले ना? तुम्हाला परीक्षेत एवढं खोलात विचारत नाहीत."

वर्ग हसला. मीही हसलो, रागाने.

त्याच महिन्यात त्यांनी नजराणा शिकवला. तो तास मला शब्दन् शब्द आठवतो, कारण पुढे तो माझ्या घरात शिरला. ते म्हणाले होते, "नजराणा नेणारा माणूस वरचेपण मान्य करतो. घेणारा काही बोलला नाही तरी चालतं. नेणाऱ्याचे पाय बोलतात." मला हे फार आवडलं. मी वहीत खाली रेघ मारली आणि दुसऱ्याच आठवड्यात एका साहेबाला हार घालायला निघालेल्या विद्यार्थ्यांविरुद्धच्या पत्रकात हे वाक्य जसंच्या तसं घातलं. टाळ्या पडल्या.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गावी गेलो, कारण माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं.

आमच्याकडच्या लग्नाची एक गोष्ट बाहेरच्यांना सांगावी लागते. लग्न चर्चमध्ये होतं, पण त्याच्या आदल्या संध्याकाळी उंबराचं पाणी आणतात. बायका लुगडी नेसून, डोक्यावर पाण्याच्या हंड्या घेऊन, वाजंत्री पुढे घालून विहिरीवर जातात. विहिरीशी उंबर असतो. त्याच्या मुळाशी नारळ ठेवतात, पाणी भरतात आणि वाजतगाजत घरी येतात. नवरीला नारळाच्या दुधाचा रोस लावतात आणि त्या पाण्याने न्हाऊ घालतात. हे झालं की मुलगी लग्नाला तयार झाली. आमच्या फादरना हे सगळं जुनं खूळ वाटे, पण वाजंत्री चर्चवरून जाताना ते खिडकी लावून घेत, इतकंच. बायकांच्या मनात याबद्दल शंका नव्हती. उंबराच्या पाण्याविना उभी राहिलेली मुलगी सासरी रुजत नाही, असं त्या मानत.

आमच्या बाजूला उंबर नाही. वारा खारा, जमीन रेताड. उंबर आणि त्याखालची गोड्या पाण्याची विहीर पलीकडच्या वाडीत. ती वाडी एका हिंदू घराची. भातखाचरं त्यांची, खाडीकडची थोडी मिठागरं त्यांची. आमचं त्यांचं जुनं येणंजाणं. लग्न ठरलं की मुलीचा बाप नारळ घेऊन त्यांच्या ओटीवर जायचा आणि सांगायचा, अमक्या दिवशी पाण्याला येतो. ते नारळ घ्यायचे, चहा द्यायचे, आणि त्या दिवसासाठी विहिरीच्या पोहऱ्याला काथ्याचा नवा दोर बांधायचे. जुन्या दोराने नवरीचं पाणी काढायचं नाही, हा त्यांच्या घरचा मान. आणि गौरीच्या सणाला त्यांच्या घरची बाई नारळ घेऊन आमच्या दारात यायची. त्यांच्या गौरीला तिखटाचा नैवेद्य लागतो, त्यात चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, हव्यातच, आणि पावसात खडकातल्या चिंबोऱ्या आमच्याच माणसांच्या हाती लागायच्या. आई टोपली भरून द्यायची. असं चाललं होतं. कधीपासून, ते कुणी मोजलं नव्हतं.

त्या वर्षी वाडीचे जुने मालक वारले होते. कारभार थोरल्या मुलाकडे आला होता. हा माझ्याहून तीनचार वर्षांनी मोठा. लहानपणी आम्ही त्याच उंबरावर चढलो होतो. तोही कॉलेजात शिकून आला होता, आणि त्याचा मुख्य विषय इतिहास होता.

बाबा नारळ घेऊन त्याच्या ओटीवर गेले तेव्हा मी बरोबर होतो. त्याने नारळ हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "बसा. एक कागद करायचाय."

पूर्वी तो बाबांना काका म्हणायचा. त्या दिवशी म्हणाला नाही.

कागद लिहून तयारच होता. त्याने तो वाचून दाखवला. आम्ही या वाडीच्या मालकांच्या मेहेरबानीने व परवानगीने लग्नकार्यापुरतं विहिरीचं पाणी नेतो, दरवेळी नारळ ठेवून परवानगी मागत आलो आहोत, या विहिरीवर आमचा हक्क नाही व पुढेही सांगणार नाही. खाली सहीला जागा.

मी विचारलं, "हे कशाला?"

"जमिनींचे वाद वाढतायत. उद्या कुणी उठून म्हणेल, वहिवाट आहे. मला माझ्या वडिलांसारखं भोळं राहून चालायचं नाही."

"परवानगी कुणी मागितली? आम्ही सांगायला येतो."

"सांगायला नारळ कशाला लागतो?" तो हसला. वाईट हसला नाही, मास्तर हसतो तसा हसला. "नजराणा शिकवला नाही का तुम्हाला?"

माझ्या तोंडचं वाक्य त्याच्या तोंडात होतं. नेणाऱ्याचे पाय बोलतात. माझ्या वहीत, रेघ मारलेलं.

मी म्हणालो, "मग गौरीला तुझी आई आमच्या दारात नारळ घेऊन येते, ती आमची मांडलिक का?"

"ते बायकांचं देणंघेणं. ते कोण धरतं?"

"मी धरतो."

"तू धर. तुझा विषय दुय्यम ना? अर्धवट शिकलं की असंच होतं."

आतून दारामागे बांगड्या नसलेला एक हात दिसला आणि दार थोडं मिटलं. ती त्याची आई. आम्ही तिला काकी म्हणायचो. ती बाहेर आली नाही. नवऱ्याला जाऊन वर्षही झालं नव्हतं.

बाबांनी कागद घडी करून खिशात ठेवला. विचार करून सांगतो, म्हणाले. नारळ त्याच्याकडेच राहिला.

वाटेत मी संतापाने काय काय बोललो ते लिहीत नाही, बरंचसं पत्रकातलंच होतं. बाबा बांधावर थांबले आणि म्हणाले, "सही केली तर काय झिजतं रे? पाणी तर मिलंल."

"बाबा, आज सही केलीत की पाणी त्याचं झालं."

"आज कुनाचं हाय?"

"आज कुणाचं नाही. म्हणून सगळ्यांना मिळतंय."

"तुज्या बहिणीचं लगीन हाय. तुजं व्याख्यान न्हाय."

मी दुसऱ्या दिवशी मुंबईला गेलो आणि पत्रक छापून आणलं. 'विहीर कुणाची?' असं ठळक नाव. पहिल्या ओळीत प्रश्न, दुसरीत संताप, तिसरीत मागणी. गठ्ठा घेऊन गावभर फिरलो. लोकांनी चांगले घेतले, नमस्कार करून घेतले. संध्याकाळी बाजाराच्या वाटेवर पाहतो तर एक म्हातारी माझ्या संतापात सुके बोंबील बांधून देत होती. बाबा म्हणाले, "एवढे कागद कशाला छापलंस? त्याच्याकडं एकच हाय, तो भारी पडतोय." आजही मी म्हणतो की पत्रक बरोबर होतं. पण बरोबर असणं आणि भारी पडणं यात फरक असतो, हे मला अर्थशास्त्रानेही शिकवलं नव्हतं.

दारात मांडव उभा राहिला. घरात पाहुणे भरले. कागद देवमातेच्या मूर्तीच्या फळीवर, मेणबत्तीच्या बुडाखाली ठेवला होता. येणारी प्रत्येक बाई आधी त्याच्याकडे पाहायची आणि मग आईकडे. सगळ्यांचं मत एक. सही करून टाका. पोरीला उंबराविना उभी करू नका. मावशी तर मला म्हणाली, "तू शिकलंस म्हनून बहिणीला बिनपान्याची धाडतंस का?" हे माझ्यावर आलं. मला वाटतं, ते योग्य माणसावर यायला हवं होतं. वाडीच्या ओटीवर बसलेल्या माणसाला कुणी एक शब्द विचारत नव्हतं. आपल्याकडे हे असंच चालतं. फास घालणारा निवांत असतो, आणि फास दिसतो असं म्हणणाऱ्याला घरभेद्या ठरवतात.

पाण्याच्या आदल्या दिवशी दुपारी बाबांनी दौत आणि टाक काढला. तेव्हा बहीण आतल्या खोलीतून बाहेर आली. ती चार इयत्ता शिकली होती. सहसा बोलायची नाही. मला म्हणाली, "दादा, वाच."

मी वाचलं.

"पुन्हा वाच. पुढचं."

"'पुढेही सांगणार नाही.'"

"म्हंजे माज्या पोरीच्या लग्नाला?"

"त्याला विचारायचं."

"आनि तो नको बोलला तर?"

"तर नाही."

"आनि आज आपनच लिवून देतो, की तो नको बोलू शकतो?"

"हो."

तिने माझ्या हातातला कागद घेऊन परत फळीवर ठेवला. मग बाबांना म्हणाली, "बाबा, सही करू नका. मी खाऱ्या विहिरीच्या पान्यानं न्हाईन."

आई रडायला लागली. मावशीने कपाळावर हात मारून घेतला. बाबांच्या हातातल्या टाकाचं शाईचं टोक वाळलं, आणि त्यांनी ते पुन्हा दौतीत बुडवलं नाही. माझी इच्छा होती तेच झालं होतं. पण मला विजय झाल्यासारखं अजिबात वाटलं नाही. पत्रक मी लिहिलं होतं, किंमत ती देत होती. चळवळीत हे नेहमी होतं आणि सभांमध्ये त्याचा उल्लेख होत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाजंत्री वाजली. बायका हंड्या घेऊन निघाल्या. नेहमी आमच्या घरून डावीकडे, बांधावरून वाडीकडे वळायचं. त्या दिवशी उजवीकडे वळल्या, किनाऱ्याकडे. वाजंत्रीवाले सवयीने डावीकडे चार पावलं गेले आणि मग ओशाळून परत आले. वाळूच्या काठाला आमची स्वतःची विहीर आहे, कपडे धुवायची. पाणी मचूळ. भोवती केवड्याची झुडपं, झाड नाही.

तिथे पोहोचल्यावर एक अडचण झाली, जी कुणाच्याच डोक्यात आली नव्हती. बहिणीची धर्माची आई, बाप्तिस्म्याला तिला हातात धरलेली, नारळ घेऊन उभी राहिली आणि तिला नारळ कुठे ठेवायचा ते कळेना. मूळ नाही, खोड नाही. तिने काठावर ठेवून पाहिला, तो घरंगळला. वाळूत ठेवला, तर एक बाई म्हणाली, "अगो, वाळूत नारल मयताला ठेवल्यागत दिसतंय." तिने पटकन उचलला. वाजंत्री थांबली. समुद्राचा आवाज यायला लागला. शेवटी तिने नारळ पदरात घेतला आणि तसाच घरी परत आणला. इतकी वर्षं झाली, लोक मला त्या प्रकरणाबद्दल हक्क, वहिवाट, जमीन असं विचारतात. मला आधी ती बाई आठवते, हातात नारळ घेऊन इकडेतिकडे बघणारी.

बहिणीला रोस लावला, मचूळ पाण्याने न्हाऊ घातलं. केस चिकटले, ते दुसऱ्या दिवशीपर्यंत नीट सुटले नाहीत. चर्चमध्ये ती ताठ चालली. लग्न झालं. ती खाडीपलीकडे गोराईला नांदायला गेली.

जूनमध्ये कॉलेज उघडलं. प्राध्यापकांनी दुय्यम विषयाच्या मुलांना एक छोटा निबंध लावला. आपल्या भागातली एखादी जुनी जागा आणि तिचा इतिहास. बाकीच्या पोरांनी देवळं आणि किल्ले लिहिले. मी विहीर लिहिली. सगळं लिहिलं. नारळ, दोर, चिंबोऱ्या, कागद, नाकारलेली सही. इंग्रजीत लिहावं लागलं, आणि उंबराच्या पाण्याला इंग्रजीत शब्द नाही, तरी लिहिलं.

निबंध परत आला. समासात लाल पेन्सिलीने एकच प्रश्न पाच-सहा ठिकाणी होता. आधार काय?

मी त्यांच्या खोलीत गेलो. ते चष्मा पुसत होते.

"सर, आधार काय म्हणजे? मी तिथं होतो."

"तुम्ही पक्षकार आहात."

"मग वाडीचा मालक पक्षकार नाही?"

"त्याच्याकडे काही कागद असतील. सनद, सारा भरल्याच्या पावत्या. तुमच्याकडे काय आहे?"

मी खिशातून तो कागद काढला. लग्नानंतर मी तो फळीवरून उचलून बरोबर आणला होता. त्यांनी तो उजेडात धरून वाचला, खालची मोकळी जागा पाहिली आणि परत दिला.

"यावर सही नाही."

"नाहीच. तोच तर मुद्दा आहे!"

"सही असती तर हा पुरावा झाला असता. सही नसलेला कागद कशाचाच पुरावा नसतो."

म्हणजे बाबांनी मान तुकवली असती तर आम्ही इतिहासात आलो असतो. परवानगी मागणारे म्हणून आलो असतो, पण आलो असतो. माझ्या बहिणीने नाही म्हटलं, म्हणून आम्ही नाहीच. त्या टेकडीखालच्या लोकांचं काय झालं, हे मला त्या क्षणी कळलं. त्यांच्यातही कुणीतरी काहीतरी नाकारलं असेल. नाकारण्याची पावती कोण देतं?

प्राध्यापक माझ्याकडे पाहत होते. ते निर्दय नव्हते, हे मी मान्य करतो. ते म्हणाले, "तुम्ही हे मराठीत, साधेपणाने, राग न घालता लिहून ठेवा. आज ही तक्रार आहे. शंभर वर्षांनी हाच आधार होईल."

"शंभर वर्षं बायकांनी मचूळ पाण्यात न्हायचं?"

"ते मला विचारू नका," ते म्हणाले. "मी इतिहास शिकवतो." आणि मी दाराकडे वळल्यावर, "राग काढून टाका, हे मात्र मनावर घ्या."

मनावर घेतलेलं नाही, हे वाचणाऱ्याला दिसतंच आहे.

गौरीच्या सणाला मी मुद्दाम गावी गेलो. खरं सांगतो, मला तमाशा बघायचा होता. वाडीच्या घरून कुणी येतं का, आणि आलं तर आई काय करते. माझ्या मनात एक वाक्य तयार होतं. मी दोन आठवडे त्याला धार लावली होती.

पाऊस थांबून थांबून पडत होता. दुपारी काकी आली. डोक्यावर पोत्याची खोळ, एका हातात नारळ, काखेत काहीतरी गुंडाळलेलं. ती पडवीच्या पायरीखाली उभी राहिली. पूर्वी ती सरळ चुलीपर्यंत यायची.

आई बाहेर आली.

मी म्हणालो, "काकी, चिंबोऱ्या देऊ. आधी कागदावर सही करा. आमच्या मेहेरबानीने नेता म्हणून."

तिने माझ्याकडे पाहिलं. राग नाही, काही नाही. मान खाली घातली आणि म्हणाली, "दे. आंगठा उठवते."

हे मला अपेक्षित नव्हतं. मी तिच्या मुलाला मारायला धार लावली होती, आणि समोर ही आली होती.

आई माझ्यावर कडाडली. "तुजा कागूद घेऊन तुज्या कालेजात जा! माज्या दारात आलेल्या बाईचा आंगठा घेशील? तो बी शिकला, तू बी शिकलंस. दोघांला येकच यवढं शिकवलं का?" मग तिच्याकडे वळून, आवाज एकदम उतरवून, "वयनी, वर या. भिजताव कशाला."

काकी वर आली. आईने टोपली काढली. चिंबोऱ्या सकाळीच धरून ठेवल्या होत्या, नांग्या दोऱ्याने बांधून, ओल्या गोणपाटाखाली. म्हणजे आई वाट पाहत होती. मला तिने याबद्दल एक शब्द सांगितला नव्हता. तिने टोपलीवर केळीचं पान घातलं, नारळ घेतला, फळीवर ठेवला. नेहमी व्हायचं तसं सगळं झालं. फक्त बोलणं झालं नाही.

जाताना काकीने काखेतली गुंडाळी काढली आणि पडवीत ठेवली. काथ्याचा दोर होता. नवा, पिवळा, एकदाही न भिजलेला.

"तुमच्या पोरीच्या पान्याचा," ती म्हणाली. "मी मे महिन्यातच आनून ठेवलावता. बांदला असता तर आमच्या पोहऱ्याला सोभला असता. आता घरात दिसला का झोप न्हाय लागत."

आईने दोराला हात लावला. "पोर बरी हाय तुमची," ती म्हणाली, जसं काही काकीने विचारलं होतं. "गोराईला हाय. बरी हाय."

"बरी असूंदे."

ती खोळ डोक्यावर घेऊन बांधावरून गेली. मुलाने तिला या येण्याबद्दल काय विचारलं, तिने काय सांगितलं, मला माहीत नाही. विहिरीला पुढच्या उन्हाळ्यात त्याने काटेरी तार घातली. कायदेशीर घातली असणार, तो सगळं कायदेशीर करतो. आमच्या गावच्या मुली आता वाळूतल्या विहिरीच्याच पाण्याने न्हातात. धर्माच्या आया नारळ पदरातच ठेवायला शिकल्या आहेत. आणखी काही वर्षांनी त्यांना वाटेल की नारळ पदरातच ठेवायचा असतो.

दुय्यम विषयात मी पास झालो. काठावर. परीक्षेत नजराण्यावर प्रश्न आला होता, मी तो सोडून दिला.

तो बिनसहीचा कागद माझ्याकडे आहे. तो दाखवून काही उपयोग नाही, हे मला शिकवलं गेलं आहे. दोर हा खरा पुरावा होता. वाडीच्या घराने आमच्या मुलीसाठी आणलेला, आपल्या पायाने आमच्या दारात आलेला, आणि परवानगी देणाऱ्या घरातून असा दोर येत नसतो. मी तो जपून ठेवायला मागत होतो. आईने ऐकलं नाही. दोर पाणी काढायला असतो, म्हणाली, आणि वाळूतल्या विहिरीच्या पोहऱ्याला तो तिने स्वतः बांधला. खाऱ्या हवेत काथ्या फार टिकत नाही. दोन पावसाळे गेले, तिसऱ्या उन्हाळ्यात तो मधोमध तुटला. वरचा तुकडा चुलीत गेला. खालचा पोहऱ्यासकट विहिरीत आहे.